आंबील ओढा : सफाईला येणारे कमी होत चाललेत, काय करावं?

ओढ्याकाठची

नमस्कार. लिहू लिहू म्हणत चार महिने गेले, आज बसलेच.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री जे पुण्यात कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर भागात होते त्यांना वेगळं सांगायला नको. आंबील ओढा घराघरांत शिरला. टांगेवाला कॉलनीत भिंत पडली. शहर आणि आसपास मिळून वीसहून जास्त माणसं गेली. आमच्याकडे पाणी ओट्यापर्यंत चढलं होतं, गॅसची टाकी स्वयंपाकघरात तरंगत होती. सासूबाईंना माळ्यावर चढवून आम्ही दोघं खिडकीचे गज धरून उभे.

आम्हाला बाहेर काढलं गल्लीतल्या गणपती मंडळाच्या पोरांनी. विसर्जनाला दोन आठवडेही झाले नव्हते, मांडवाचे दोर मंडळाच्या खोलीत तसेच पडलेले, तेच घेऊन आली. पहाटे मशिदीतून खिचडीचं पातेलं आलं. पलीकडच्या विहारात बायकापोरांची निजायची सोय झाली. चर्चमधल्या बायकांनी कोरडे कपडे आणले. प्रत्येक पिशवीत आठवणीने पॅडचं पाकीट घातलेलं होतं, ते मी अजून विसरले नाही. कुणी कुणाला निरोप धाडला नव्हता.

त्या आठवणीच्या जोरावर २०२२ मध्ये आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ओढ्याची सफाई सुरू केली. पहिल्या वेळी साठ माणसं होती, हातमोजे कमी पडले. गेल्या रविवारी नऊ होतो, त्यात मी, आमचे हे आणि आमची मुलगी धरून. आणि जे काढतो ते पंधरा दिवसांत परत येतं. थर्माकोल, गाद्या, फुटक्या काचेच्या तसबिरी, बांधकामाचा राडारोडा. पुलाखालची मोरी तर निम्मी गाळाने भरलीय, तिला आमच्या फावड्यांनी काही होत नाही.

पुरात न बोलावता आलेली ही मंडळी बारा महिने एका कामाला कशी बसवायची? कुणी केलंय का? जमलं असेल तेही सांगा, फसलं असेल तेही सांगा.

पेठेतला कार्यकर्ता

ताई, पंचवीस वर्षं मंडळाचं काम केलंय, म्हणून आधी एकच विचारतो. सफाईचा मेसेज ग्रुपवर टाकता, की घरी जाता?

आमच्या मंडळात वर्गणीची एक वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेले. त्यात नाव आणि रक्कम असतेच, पण खरा माल समासात आहे, पेन्सिलीने लिहिलेला. ‘दुसरा मजला, संध्याकाळी सातनंतर.’ ‘आजोबा दवाखान्यात, यंदा मागू नये.’ ‘आरतीचा मान हवा असतो.’ ‘मुलगा वायरमन, मांडवाला येईल.’ पोरं दरवर्षी प्रत्येक दारात उभी राहतात, चहा घेतात, घरातलं बरंवाईट ऐकतात. मंडळाच्या एका हाकेला शंभर माणसं गोळा होतात ती या वहीमुळे. तुमच्या सफाईची अशी वही आहे का? नसेल तर आधी ती करा.

दुसरी गोष्ट. धर्मातलं काही बदलायचं असेल तर ते सांगणारा माणूस त्याच घरातला लागतो. काही वर्षांपूर्वी एनसीएलने, म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, पीओपीच्या मूर्ती घरीच विरघळवण्याची रीत काढली. बादलीत मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट घालायचं, अधूनमधून ढवळायचं, साधारण ४८ तासांत मूर्ती विरघळते. खाली कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, ते झाडांना खत म्हणून चालतं. पावडर फुकट मिळत होती. आम्ही घरोघर गेलो, पहिल्या वर्षी चार घरं तयार झाली. ‘बाप्पाला केमिकलमध्ये बुडवायचं?’ हाच प्रश्न दारोदार. दुसऱ्या वर्षी आमच्याकडे प्राणप्रतिष्ठा करणारे गुरुजी आरतीनंतर दोन मिनिटं बोलले. उत्तरपूजा झाली, अक्षता वाहून मूर्ती हलवली की देवत्व गेलं, पुढे पाणी नदीचं की बादलीचं याने काही बिघडत नाही. त्या वर्षी सत्तर घरं. पावडर तीच होती.

तर्कनिष्ठ

वरच्या प्रतिसादाबद्दल आदर आहे, तरी माझी हरकत नोंदवतो.

मी नास्तिक आहे. दाभोलकरांच्या काळात अंनिसने (अंधश्रद्धा निर्मूलन समितीने) मूर्तिदान आणि निर्माल्यदानाची मोहीम चालवली, तेव्हा मी घाटावर उभा असायचो. शिव्या खाल्ल्या, एकदा अंगावर पाणी ओतून घेतलं. आज त्याच घाटांवर विसर्जनाचे हौद आहेत, निर्माल्याचे कलश आहेत, आणि लोक आपणहून रांग लावतात. ते काम आम्ही विवेकाच्या नावाने केलं, कुठल्या गुरुजींची परवानगी न घेता.

माझी भीती अशी. देऊळ, मशीद, चर्च अशी मोट बांधलीत की बैठकीला प्रत्येक ठिकाणचे विश्वस्त येणार, म्हणजे साठीचे पुरुष. बाई कुठे बसणार? कुठल्याच देवळाशी नातं नसलेला कुठे बसणार? आणि निवडणूक आली की तीच मोट कुणाच्या तरी गाडीला जुंपली जाणार. हे मी जवळून पाहिलंय.

कोंढव्याचा

तर्कनिष्ठ यांची विश्वस्तांबद्दलची भीती खरी आहे. त्यात मला आमची बाजू घालायची आहे.

आमच्या मशिदीतले लोक अशा तीन-चार कार्यक्रमांना जाऊन आलेत. दर वेळी फोन येतो तो दोन दिवस आधी. तारीख ठरलेली, जागा ठरलेली, फलक छापून तयार. आम्ही टोप्या घालून यायचं, पहिल्या रांगेत उभं राहायचं, फोटो झाला की झालं. एकदा सफाईचा शेवट नदीच्या आरतीने होता. त्याबद्दल कुणाच्या मनात वाईट नव्हतं हे मला ठाऊक आहे, पण आमच्यातली म्हातारी माणसं बाजूला जाऊन उभी राहिली आणि पुढच्या वेळी आली नाहीत. आधी विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात तोडगा निघाला असता. आपापली प्रार्थना आपापल्या ठिकाणी करून यायचं, काठावर फक्त काम.

आमच्याकडे पाणी जपणं ही नवीन शिकवण नाही. वाहत्या नदीवर वुजू (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं) करत असलात तरी पाणी वाया घालवू नका, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे. आमच्या मशिदीत इमामसाहेबांनी रमजानच्या आधीच्या जुम्म्याला (शुक्रवारी) त्यावर बयान, म्हणजे प्रवचन, केलं आणि मग तोट्या बदलायला लोकांनी स्वतः पैसे काढले. वुजूचं पाणी आता मागच्या झाडांना जातं. हे आम्ही कुणी सांगितलं म्हणून केलं नाही, आणि कुणी येऊन पाहिलंही नाही. ताई, तुम्ही येऊन बघा. सफाईला बोलवायला येऊ नका, नुसतं बघायला या. बाकीचं मग बोलू.

कागदवेचकाची लेक

मी हा धागा दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं.

माझी आई कागद-काच-पत्रा वेचायची. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, तेव्हा ती पहिल्या सभासदांत होती. पुढे ‘स्वच्छ’ सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून दारोदारचा कचरा गोळा करायचं काम रीतसर मिळालं. गणपतीत ती घाटावर निर्माल्य वेगळं करायला उभी राहायची. हारांतून दोरा, थर्माकोल, प्लास्टिकची फुलं काढता काढता रात्री तिच्या बोटांना झेंडूचा पिवळा रंग चढलेला असायचा, साबणाने जायचा नाही. आमच्याकडे नवरात्रापर्यंत तो रंग असायचा.

मला सांगायचंय ते काठावरच्या वस्तीबद्दल. सफाईला आलेले लोक पहिलं वाक्य काय बोलतात? ‘हे वस्तीवाले सगळं ओढ्यात टाकतात.’ वस्ती ते ऐकते. २०२१ च्या जूनमध्ये दांडेकर पुलाजवळ ओढ्याकाठची घरं पाडली गेली, भर पावसाळ्याच्या तोंडावर. मग न्यायालयाची स्थगिती आली, पण तोवर कितीतरी भांडीकुंडी उघड्यावर आली होती. त्यानंतर ओढ्याकाठी कुणी हातमोजे घालून, टेप घेऊन आलं की बायका आधी विचारतात, मोजणी आहे का? तुमची सफाई आणि घर पाडणं यांत फरक आहे हे आम्हाला कसं कळावं?

ओढ्यात गादी कोण टाकतं ते वस्तीला माहीत असतं. राडारोड्याचा टेम्पो रात्री किती वाजता येतो तेही. कुणी विचारलंय का?

ओढ्याकाठची

ताई, नाही विचारलं. तीन वर्षांत एकदाही नाही. वस्ती आमच्या घरापासून दोनशे पावलांवर आहे. वाचल्यापासून काही सुचत नाहीये. उद्या जाते.

कोंढव्याचे दादा, शुक्रवारी येते.

जुनं पुणं

थोडं विषयाला सोडून, पण ओढ्याबद्दल आहे म्हणून लिहितो. हा ओढा पूर्वी गावातून वाहायचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, त्याला वळवलं. कात्रजला बंधारे बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने गावातल्या हौदांत आणलं. पर्वतीच्या पायथ्याशी त्याच ओढ्याच्या पाण्याचं तळं झालं आणि तळ्यातल्या बेटावर गणपती बसला. तळं गेलं, बाग झाली, पण सारसबागेतल्या देवाला अजून जुनी माणसं तळ्यातला गणपती म्हणतात. पर्वतीला आणि सारसबागेत जाणारी किती माणसं या ओढ्याला आपलं मानत असतील? त्यांच्यापर्यंत हे पोचवायला हवं.

लंडनहून परत

मी नऊ वर्षं पूर्व लंडनमध्ये होतो. तिथे १९९६ मध्ये टेल्को (द ईस्ट लंडन कम्युनिटीज ऑर्गनायझेशन) नावाची आघाडी उभी राहिली. चर्च, मशिदी, शाळा, कामगार संघटना, सगळ्या सभासद. पुढे तीच सिटिझन्स यूके म्हणून वाढली. या पद्धतीचं मूळ शिकागोत आहे. १९३९ मध्ये सॉल अलिन्स्की यांनी तिथल्या कत्तलखान्यांच्या वस्तीत कॅथलिक चर्च आणि कामगार संघटना एकत्र बसवल्या होत्या.

पूर्व लंडनमधल्या लोकांनी पहिलं वर्षदीडवर्ष काय केलं असेल, तर एकमेकांशी नुसतं बोलले. एका वेळी एकच माणूस, अर्धा-पाऊण तास, आणि प्रश्न एवढाच, की तुम्हाला रात्री झोप कशाने लागत नाही? त्यातून पुढे आलं की आईबाप दोन-दोन नोकऱ्या करतात, एका पगारात भागत नाही, मुलांना वेळ देता येत नाही. म्हणून २००१ मध्ये जगण्यापुरत्या वेतनाची मोहीम निघाली. बँकांच्या इमारती रात्री झाडणाऱ्या कामगारांचा प्रश्न चर्चच्या आणि मशिदीच्या माणसांनी मिळून बँकेच्या दारात नेला. पर्यावरण असो की पगार, विषय वरून ठरवायचा नाही, लोकांच्या तोंडून येऊ द्यायचा.

आणखी एक. अधिकाऱ्याला किंवा पुढाऱ्याला सभेला बोलावलं की त्याच्या हातात माईक देऊन भाषण करायला लावत नाहीत. एक नेमका प्रश्न विचारतात, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असंच देता येतं. उत्तर सगळ्यांसमोर लिहून घेतात. ‘हो’ म्हटलं तर मनापासून टाळ्या. ‘नाही’ म्हटलं तर पुढच्या भेटीची तारीख.

ताई, तुमच्या सफाईतून कुणाकडे काही मागितलंच जात नाही. साठ माणसं गाळ उपसत बसली तर ज्याचं काम आहे तो निवांत.

दिंडीतला

राम कृष्ण हरी. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

लंडनच्या दादांनी सांगितलं तसलं आमच्याकडे वाटेवर रोज संध्याकाळी होतं. माऊलींची पालखी मुक्कामाच्या तळावर पोचली की सगळ्या दिंड्या गोलात उभ्या राहतात. समाजआरतीआधी चोपदार चोप, म्हणजे हातातला दंड, वर करतो आणि लाखाचा जमाव एकदम गप्प होतो. अंगावर काटा येतो, बाविसाव्या वर्षीही येतो. पण त्या शांततेत एखाद्या दिंडीचे टाळ चालूच राहतात. याचा अर्थ त्या दिंडीची तक्रार आहे. पाण्याचा टँकर आला नाही, जागेवर दुसऱ्याने तंबू ठोकला, काहीही असेल. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, सगळ्यांदेखत ऐकून घेतो, निवाडा होतो, मग टाळ थांबतात. तोवर नाही. आरतीही थांबलेली असते.

पुण्यात आमचा दोन रात्रींचा मुक्काम भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरापाशी, तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला. पूर्वी आम्ही निघालो की मागे पेठांत काय अवस्था असायची ते पुणेकर जाणतात. निर्मल वारीची फिरती शौचालयं आली त्याआधीची गोष्ट. ती घाण आमचीच होती, हे आम्ही दिंडीच्या बैठकीत बोललो, विणेकऱ्यांसमोर बोललो. आता आमची दिंडी पत्रावळी आणि द्रोण वापरते, प्लास्टिकचं ताट घेतलेलं दिसलं तर म्हाताऱ्या हातातून काढून घेतात.

तर ताई, सफाई करा, सोडू नका. गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला खडसावून प्रश्न विचारायचे. झाडून झाल्यावर गप्प घरी जायचे नाहीत. तुमच्या पुलाखालच्या मोरीची तक्रार आहे ना? मग टाळ का थांबलेत?

कॅम्पातली

दिंडीतले काका, नमस्कार. हे कधी ऐकलं नव्हतं.

आमच्याकडचं थोडक्यात. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीला सगळ्यांचं सामाईक घर म्हणत विश्वपत्र, म्हणजे सगळ्या चर्चसाठीचं पत्र, काढलं. आमच्या पॅरिशमध्ये (आमच्या चर्चच्या मंडळींत) त्याचं वाचन झालं, गट झाले, आणि पुढे काही घडेना. घडलं ते २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी. दफनभूमीत प्लास्टिकचे हार आणि मेणबत्त्यांच्या डब्या यांचा हा ढीग व्हायचा. एका विधवा बाईंनी स्वतःच्या नवऱ्याच्या कबरीवर कुंडीतलं तुळशीचं रोप ठेवलं. काही जण कुजबुजले. पुढच्या वर्षी अकरा कुंड्या होत्या. आता चर्चमध्ये सेवा करणाऱ्या मुलांची पाणी घालायची पाळी लागते. तर्कनिष्ठ यांनी बाईंच्या जागेचं विचारलं म्हणून सांगितलं. विश्वस्तांच्या यादीत त्या बाईंचं नाव कधीच नव्हतं.

ओढ्याकाठची

तीन आठवड्यांनी लिहितेय.

वस्तीत गेले. पहिल्या दिवशी ओसरीतही कुणी बसवलं नाही, ते बरोबरच होतं. कागदवेचकाची लेक स्वतः सोबत आली म्हणून दुसऱ्या दिवशी चहा मिळाला. मी काहीही मागितलं नाही, झोप कशाने लागत नाही एवढंच विचारलं. एका आजींनी सांगितलं, पाऊस सुरू झाला की त्या रात्रभर कोयता उशाशी घेऊन बसतात. मला वाटलं चोरांची भीती. नाही. २०१९ ला पत्र्याच्या छताला भोक पाडून नातवाला वर काढायला कोयताच उपयोगी पडला होता.

मोरी का तुंबते तेही तिथेच कळलं. पुलाखालून आडवी एक जुनी पाइप जाते. तिला आधी गाद्या आणि चिंध्या अडकतात, मग त्यामागे गाळ बसतो. आम्ही तीन वर्षं वरच्या अंगाला सफाई करत होतो, पाइपपर्यंत कधी उतरलोच नाही. राडारोड्याचा टेम्पो मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री दोननंतर येतो, हेही त्यांनीच सांगितलं.

शुक्रवारी मशिदीत गेले, झाडांना जाणारं पाणी पाहिलं. विहारात गेले, चर्चमध्ये गेले, देवळातल्या भजनी मंडळाच्या बायकांत बसले. वही केली. समासात लिहायला शिकतेय.

बैठक कुठे घ्यायची यावर बराच खल झाला. तर्कनिष्ठ, तुमचं ऐकलं. कुठल्याच धर्मस्थळात घेतली नाही, वस्तीतल्या बालवाडीत घेतली. सत्तावीस माणसं आली, त्यात सोळा बायका. विश्वस्त दोनच, तेही मागे बसले. मागणी एकच ठरली. ती आडवी पाइप हलवायची आणि मोरीचा गाळ मे महिना संपायच्या आत काढायचा. वृक्षारोपण, भिंतीवरची चित्रं, सगळं बाजूला ठेवलं. त्यावर मंडळाची दोन पोरं नाराज आहेत, त्यांच्याशी अजून बोलायचंय.

काल आम्ही एकेचाळीस जण महापालिकेच्या कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, बघतो. आजींनी विचारलं, कोणत्या तारखेला? ते म्हणाले, निधी बघावा लागेल. आजींनी परत विचारलं, कोणत्या तारखेला? भजनी मंडळातल्या एका काकूंच्या पिशवीत टाळ होते. वाजवले नाहीत, बाहेर काढून टेबलावर ठेवले फक्त. इमामसाहेब, चर्चमधल्या ताई, विहारातले दादा, सगळे उभेच होते, कुणी हललं नाही. शेवटी कागदावर २० मे लिहून मिळालं, सही शिक्क्यासकट. पाइपबद्दल ‘पाहणी करून’ असं लिहिलंय, ते आम्हाला पटलेलं नाही. त्यासाठी परत जायचंय, येत्या गुरुवारी अकरा वाजता.

आज सकाळी वस्तीतली दोन मुलं आणि मी पुलाखाली उतरून मोजलं. पुलाच्या तळापासून गाळापर्यंत अडीच फूट. वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहून ठेवलंय. २० तारखेला परत मोजणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी सात वाजता पुलाच्या वस्तीकडच्या बाजूला या, गमबूट घालून.